मांडी घालून ढोलकी, मग लूपर कशाने दाबायचा?

नेरूळकर_ढोलकी
राम राम मंडळी. मी ढोलकी वाजवतो, थोडंफार गातो. सीवूड्सला एका कॅफेत महिन्यातून दोनदा एकटाच बसतो. पेटीवाला मित्र पुण्याला गेला तेव्हापासून लूपिंगचं खूळ डोक्यात आहे, म्हणजे वाजवलेला तुकडा तिथेच रेकॉर्ड करून फिरत ठेवायचा: आधी ठेका, त्यावर पेटीचे चार सूर, मग गाणं. घरात सहा वर्षांचा लॅपटॉप आहे (८ जीबी रॅम) आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा). त्याच्याबरोबर एबलटन लाइव्ह लाइट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलंय. भाऊ म्हणतो, लॅपटॉप स्टेजवर नेऊच नकोस, सरळ बॉस कंपनीचा आरसी-५०५ लूपर घे. किंमत बघितली, बायकोला अजून सांगितलेली नाही. घरी करून पाहिलं तर थाप हेडफोनमध्ये मागून ऐकू येते आणि बोटं अडखळतात. हार्डवेअर घेतलं तर हे जाईल का?

तलावपाळी
जाईल. पण तुमचा खरा घोळ तो नाहीच.

आधी उशिराचं उरकतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने, म्हणजे सॅम्पल, गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा) बहुतेक ५१२ असेल. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, तेही एकाच बाजूचे. जाऊन-येऊन २३, वर इंटरफेसचे स्वतःचे. १२८ वर आणलात तर ६ च्या आसपास येईल. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकर अकरा फुटांवर ठेवल्यासारखं. मंडपात आपण याहून लांबच्या स्पीकरवर वाजवतोच की! इंटरफेसवाल्यांचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज नेणारा) टाका. डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर ते चालू करा आणि एबलटनमधलं मॉनिटरिंग बंद.

आता घोळ. तुम्ही ढोलकी मांडीवर घेऊन बसता ना? मग लूप धरणार कशाने? ५०५ हे टेबलावरचं यंत्र. पाच ट्रॅक, पाच फेडर, सगळं बोटांनी चालवायचं. बीटबॉक्सवाल्याचं तोंड गुंतलेलं असतं, हात मोकळे. आपले दोन्ही हात चामड्यावर. त्याला फूटस्विच जोडता येतो, पण मांडी घातल्यावर पाय कुठे उरतो?

हे मी नौपाड्यात एका सोसायटीच्या गणपतीत शिकलो. लॅपटॉप, मिडी पेडल (सॉफ्टवेअरला पायाने हुकूम द्यायचं), सतरंजीवर बैठक, पेडल उजव्या गुडघ्याखाली. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा घ्यायच्या होत्या. गुडघा एक मात्रा आधीच टेकला. एबलटनचं क्वांटायझेशन चालू असतं तर त्याने सम येईपर्यंत वाट बघितली असती, पण मी ते मुद्दाम बंद ठेवलं होतं. म्हटलं, लय माझ्या हातात आहे, यंत्राने शिकवायची गरज नाही. झालं सात मात्रांचं भजन! समोर एक आजोबा टाळ वाजवत होते, ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. लूप पुसायला माउसपर्यंत हात पोचेस्तोवर तीन आवर्तनं तशीच फिरली.

तेव्हापासून ढोलकी कमरेला बांधून उभा राहतो, तमाशाच्या फडावर उभे राहतात तसा. दोन्ही पाय मोकळे, पायाशी बॉसचाच आरसी-५००, पायाने दाबायचा लूपर. दोनच ट्रॅक, पण माइकला एक्सएलआर (माइकची केबल लावायची जागा) आणि फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) त्यातच आहे. मला पुरतो. (वाकून बटण शोधायचं वय राहिलं नाही, हेही खरं.)

लय चढवणं मात्र दोन्हीकडे अवघड. भजन शेवटाला चढतं, लूप आहे तिथेच राहतो. टेम्पो ओढून वाढवता येतो, पण गळा ओढला की कचकड्याचा वाटायला लागतो. मी शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबवतो आणि नुसत्या हाताने लग्गी, म्हणजे जलद ठेका, धरतो.

ऐरोली_पिन
मध्येच बोलतो. लॅपटॉप नेलात तर चार्जर लावल्याबरोबर स्पीकरमधून घूंऽऽ येऊ शकतं. ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण. डीआय बॉक्सवरचा (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट दाबा, नाहीतर तेवढा वेळ बॅटरीवर चालवा. प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. तोडणारे बघितलेत, म्हणून सांगतोय. दुसरं, उघड्या माइकमध्ये प्रत्येक थराला स्पीकरचा आवाज पुन्हा शिरतो. चौथ्या थराला कॅफेचा पंखाही तुमच्याबरोबर गायला लागेल. माइक ढोलकीच्या शाईच्या अगदी जवळ आणा, स्पीकर त्याच्या पाठीमागे जाऊ द्या.

तलावपाळी
पंख्याचं अगदी खरं. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आहे, दर आवर्तनाला, बरोब्बर पाचव्या मात्रेवर.

नेरूळकर_ढोलकी
बफर ५१२ नव्हता, १०२४ होता. १२८ वर कडकड आवाज येतो, २५६ वर नीट चालतंय. काल ढोलकी कमरेला बांधून हॉलमध्ये उभा राहिलो, तर बायको म्हणाली, "जत्रेला निघालास की काय?" त्यामुळे ५०५ चा विषय निघालाच नाही, बरंच झालं. पेडल घ्यायच्या आधी एक जुगाड केलाय. जुना यूएसबी नंबरपॅड प्लायच्या तुकड्यावर चिकटवला आणि एबलटनमध्ये त्याच्या कळा मॅप केल्या. ४ दाबली की लूप धरतो, ६ दाबली की थांबतो. पायाचा अंगठा ५ वर पण पडत होता, म्हणून ५ ची कळ उपटून टाकली.