टाचणीचे डोळे शार्प, शेपटी धूसर

रानवाटा: टाचणी, म्हणजे चतुरासारख्या बारीक किड्याचा फोटो काढला. फुल फ्रेम कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स, १:१ च्या जवळ (कॅमेऱ्याच्या सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा), छिद्र एफ/१६, फ्लॅश. टाचणीचे डोळे शार्प, पण शेपटी पार धूसर. शिवाय डोळ्यांवर पांढरा ठिपका. शेपटीही शार्प यावी म्हणून छिद्र आणखी लहान, एफ/२२ करू का?

भिंगरी: नको. १:१ ला एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२ च्या आसपास. डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. एफ/८ ते ११ वर या. आख्खी टाचणी हवी तर १:२ (निम्मा आकार) पुरे. तिचं अंग सेन्सरला समांतर ठेवा, थोडा कोन चुकला की शेपटी गेलीच.

पाणकणीस: ठिपका फ्लॅशच्या छोट्या तोंडामुळे. ट्रेसिंग पेपर लावा, पण फ्लॅशला चिकटवून नव्हे. मध्ये वीतभर अंतर ठेवून कागद किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. मागचं काळं पडलं तर शटर १/२०० सेकंदावरून १/६० वर आणा.

रानवाटा: स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक केला तर?

भिंगरी: वारा नसेल तरच. पहाटे उन्हं यायच्या आत जा, गारठलेली टाचणी हलत नाही. काहीजण किडे फ्रिजमध्ये ठेवून फोटो काढतात, तो चावटपणा नको.