मालवणात गाडी टाकायचीय: सकाळी घावणे की संध्याकाळी मासे?

भरडावरची
नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. आम्ही मालवणातच राहतो, मिस्टर बोटीवर जायचे ते आता बंद केलंय म्हणून सासूबाई आणि मी मिळून खाण्याची गाडी टाकायचा विचार चाललाय. सासूबाईंचे घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ, लोक घरी येऊन ऑर्डर देतात म्हणून म्हटलं तेच सकाळी स्टँडच्या बाजूला लावू. पण दीर म्हणतो घावण्यात काय पैसा नाय, संध्याकाळी जेटीकडे सुरमई बांगडा फ्राय लावा, पर्यटक मागाल तेवढे देतात (आधी म्हणत होता चायनीज लावा, ते आम्ही उडवून लावलं). एक जुनी गाडी शेगडीसकट 35 हजाराला मिळतेय, हातात सगळे मिळून 60 आहेत. काय करू? आणि कागदपत्रं काय लागतात?

खाडीकाठचो
ताई, माका विचारशात तर घावणेच लावा. दिराक सांगा जून ते सप्टेंबर पर्यटक खयसून येतलो?
आता नीट लिहितो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी सुरमई मिळत नाही आणि बर्फातली बाहेरून येते ती परवडत नाही. ती बंदी संपते ना संपते तोवर श्रावण, मग गणपती, म्हणजे अर्धी गिऱ्हाईकं मासे खातच नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पण पावसात बंद असतात मग जेटीकडे फिरकणार कोण? उलट एसटीने कुडाळ कणकवलीला कामाला जाणारा माणूस, बँकवाले, कॉलेजची पोरं, यांना पावसात पण सकाळी भूक लागतेच. शिवाय तांदूळ धुवून वाळवून दळून ठेवले की पीठ टिकतं, गिऱ्हाईक कमी आलं तर भिजवायचं कमी. मासा उरला की गेला.

बांगडा_फ्राय
वरच्यांचं पटलं नाही पूर्ण. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, या तीन वेळांना मासेवाल्या गाडीवर जो गल्ला होतो तो घावणेवाल्याला स्वप्नात दिसत नाही. फक्त सुरमईच्या नादी लागू नका, सीझनला लिलावात हॉटेलवाले भाव चढवतात आणि आपण बघत राहतो. बांगडा, मांदेली, कधी तिसऱ्या (शिंपल्या) असं ठेवा. पण हे दोन बायकांनी रात्री अकरापर्यंत ओढायचं काम आहे, मिस्टर हाताशी असतील तरच.

आजीचा_तवा
मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही, घावण्याचा वेळ! एक घावण तव्यावरून निघायला दोन-तीन मिनिटं जातात आणि एसटी पकडणारा माणूस घड्याळ बघत उभा असतो, प्लेटीत दोन घावणे धरले तर चौथ्या गिऱ्हाइकाला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं, तो समोरच्या वडापावकडे जाणार म्हणजे जाणार. म्हणून दोन बिडाचे तवे आणि दोन बर्नर पाहिजेतच, सासूबाईंनी फक्त तवे बघायचे, तुम्ही उसळ वाढणं आणि पैसे. थोडे आधी काढून टोपलीत कापडाखाली ठेवले तर चालतात पण दुमडून एकावर एक रचू नका, चिकटतात. सोबत बटाटावडा ठेवा, ज्याला घाई आहे तो वडा घेईल. आणि बर्नरला तिन्ही बाजूंनी पत्रा लावून घ्या, नुसत्या ताडपत्रीने पावसातला वारा थांबत नाही, आच इकडेतिकडे गेली की जाळी पडत नाही. कोणाच्या दुकानाची पडवी भाड्याने मिळाली तर उत्तमच.
मासे करायचेच असतील तर तवा वेगळा, त्याच तव्यावर घावण घातलंत तर सकाळचं शाकाहारी गिऱ्हाईक तुटलं.

कागदवाला
कागदांचं मी सांगतो. एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा खातं) नोंदणी लागते, छोट्या धंद्याला मोठा परवाना नको, त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या साइटवर फोटो आणि ओळखपत्र टाकून होते, फी वर्षाला 100 रुपये. एजंट हजार दोन हजार मागतात, देऊ नका. 14 आकडी नंबर येतो तो गाडीवर दिसेल असा लावा.
जागेसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, विक्री प्रमाणपत्र नगरपरिषदेकडून घ्यायचं. इथे नीट ऐका, गाडी विकत घेतली म्हणजे जागा मिळाली असं नसतं! ते प्रमाणपत्र विकता येत नाही की भाड्याने देता येत नाही, तेव्हा 35 हजारात तो "जागेसकट" म्हणत असेल तर सरळ सोडा. शहराबाहेर तारकर्लीकडे जाणार असाल तर ग्रामपंचायत, आणि पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत लावायची असेल तर मेरीटाईम बोर्डाचा (बंदरं बघणारं सरकारी मंडळ) पण विषय येतो.
नगरपरिषदेची नोंद झाली की पीएम स्वनिधीला (पथविक्रेत्यांची सरकारी कर्जयोजना) अर्ज करा, विनातारण आहे, 2025 पासून पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, ते फेडलं की 25, मग 50. गॅस कमर्शियल 19 किलोचा घ्यायचा, घरचा लाल सिलेंडर गाडीवर चालत नाही. वडे वर्तमानपत्रात बांधायला बंदी आहे, केळीचं पान वापरा, आपल्याकडे त्याला काय तोटा.

भरडावरची
खूप खूप आभार सगळ्यांचे. गाडीवाल्याला विचारलं, तो खरंच "जागेसकट" म्हणत होता! आता नुसत्या गाडीचे 22 म्हणतोय. घावणे नक्की केलेत, मासे मे महिन्यात बघू, दीर रुसलाय थोडा. एक राहिलं, बिडाचे दोन तवे जरा मोठे पाहिजेत, इथे दुकानात सगळे नॉनस्टिकच दाखवतात.

आजीचा_तवा
कुडाळच्या आठवडा बाजारात बघा. वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर चीर असते. आणि पहिले काही दिवस नुसता कांदा तेलात बुडवून घासत राहा, तोवर गिऱ्हाइकासाठी वापरू नका, घावण सुटत नाही.