पैसा लागतोच, पण...

भावा, ‘जो जास्त पैसे टाकंल त्याचा खेळाडू’ हे तुझं म्हणणं अर्धंच पटलं. इंग्लंडच्या फुटबॉलमधलंच बघ. २०२३ मध्ये लिव्हरपूल क्लबनं मोइसेस कैसेडो या खेळाडूसाठी त्याच्या ब्रायटन क्लबशी ११ कोटी १० लाख पौंडांवर बोलणी पक्की केली होती. गडी म्हणाला, जाणार तर चेल्सी क्लबलाच. गेलाही.

खरा नाद खुळा ब्रायटनचा. हाच पोरगा त्यांनी २०२१ मध्ये इक्वेडोरमधून साधारण ४५ लाख पौंडांत उचललेला!

आणि खेळाडूची एवढी फी क्लब एकाच वर्षाच्या हिशेबात धरत नाहीत, कराराच्या वर्षांत वाटतात. करार लांब, तेवढा वर्षाचा वाटा कमी. चेल्सीचे आठ-आठ वर्षांचे करार त्यातलेच. मग युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली.

आपल्याकडं तरी वेगळं काय? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची टीम वॉर्मअपला उतरली की मागनं कोणतरी विचारतंयच, “हे मागच्या सिझनला त्या पेठंच्या टीममध्ये होतं न्हवं?” आमच्या गल्लीतल्या एका पोराला दुसऱ्या तालमीच्या फुटबॉल टीमनं चांगले पैसे देऊ केले होते. आई म्हणाली, “जा की. जेवायला पण तिकडंच जा.”

पोरगं अजून आमच्यातच खेळतंय.