उजेड बघा, पण पाणीपण बघा

कोल्हापुरात चित्रकारानं स्टुडिओसाठी जागा कशी बघावी याचा जो सल्ला दिलाय, त्यातलं उत्तरेची खिडकी असलेली जागा घ्या हे म्हणणं एकदम पटलं, दिवसभर उजेड फारसा हलत नाही. पण पंचगंगेच्या बाजूला तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळतोय तर घेऊन टाका, हे मात्र नका ऐकू. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझा गाळा शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ होता, पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर फ्रेमच्या पट्ट्या वाकलेल्या, कॅनव्हासवर चिखल आणि जलरंगातली सगळी कामं चिकटून एकच गठ्ठा झालेला, अजून आठवलं की पोटात कालवतं. २०२१ च्या जुलैत परत महापूर.

त्यामुळं जागा बघताना मालकाला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो बघा. वरचा मजलाच घ्या, फक्त जिन्याचं वळण टेपनं मोजून, मोठा कॅनव्हास तिथंच अडतो.