कोट झकास आला, चेहरा गेला – पोर्ट्रेटसाठी मदत हवी

क्लीव्हलँडकर
नमस्कार मंडळी. मी हौशी फोटोग्राफर, म्हणजे गणपती, डोहाळजेवण आणि मंडळाची दिवाळी एवढीच आपली मजल. लेक इथे अमेरिकेत मेडिकलला दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातली ब्लॅक मुलंमुली स्वतःच्या पोर्ट्रेटची मालिका करतायत, प्रत्येकाने पांढरा कोट घालायचा आणि फोटोखाली हॉस्पिटलात आपल्याला काय ऐकावं लागलं ते एका ओळीत लिहायचं. (एकीला पेशंट रोज जेवणाचा ट्रे उचलायला सांगायचा, कोट अंगात असताना.) एरिक गार्नर आणि मायकल ब्राउन या पोलिसांच्या हातून मेलेल्या दोन ब्लॅक माणसांच्या प्रकरणात पोलिसांवर खटला होणार नाही असं ठरल्यावर २०१४ च्या डिसेंबरात देशभरातले मेडिकलचे विद्यार्थी पांढरे कोट घालून जमिनीवर निपचित पडून राहिले होते, व्हाइट कोट्स फॉर ब्लॅक लाइव्ह्ज ही विद्यार्थ्यांची संघटना तिथूनच सुरू झाली, ही मुलं त्यातलीच.

फोटोग्राफर फुकटात हवा होता म्हणून मी. ट्रायल घेतली तर कोटाची शिवणन् शिवण दिसतेय आणि वर चेहऱ्याच्या जागी काळा गोळा. लेक म्हणाली, "बाबा, तू कोटाचा फोटो काढलायस." मग मी लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) गडद भाग उजळवला तर ती मुलगी बघून हळूच म्हणाली, ही मी नाहीये. फार ओशाळलो हो. पुढचा रविवार ठरलाय, अकरा जण आहेत, एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी दिव्याची पेटी) आहे, काय करू?

निगेटिव्हवाला
क्लीव्हलँडकर, तुमची चूक अर्धीच, बाकीची अर्धी कॅमेऱ्याची. त्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर पांढरं दिसलं की तो त्याला राखाडी करायला जातो आणि सगळा फोटो काळवंडतो. उलट स्पॉट मीटरने नुसत्या चेहऱ्यावरचा उजेड मोजला तर तो गडद कातडीलाही राखाडी समजून उजळ करून ठेवतो, ते पण खोटंच. चेहऱ्यावर मीटर करून अर्धा ते एक स्टॉप (उजेडाचं माप) खाली या, किंवा सरळ हातात धरायचा लाइट मीटर कोणाकडून उसना आणा, तो पडणारा उजेड मोजतो, समोर कोण उभंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता उजेड. समोरून फ्लॅश मारू नका. गडद कातडीचा आकार दिसतो तो तिच्यावरच्या चकाकीतून, म्हणून सॉफ्टबॉक्स बाजूला, जवळ, आणि चेहऱ्याच्या थोडा पुढे वळवा म्हणजे कोटावर उजेडाची नुसती कड जाईल. तरी कोट फुटत (घड्या जाऊन नुसता पांढरा होत) असेल तर छातीच्या उंचीला काळा पुठ्ठा धरायला एक पोरगं उभं करा. मागे पांढरी भिंत अजिबात नको. व्हाइट बॅलन्स कोटावरून घेऊ नका, त्यात नीळ असते, ग्रे कार्ड वापरा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, हे सांगायला नको.

माझा सांगलीला तीस वर्षं स्टुडिओ होता. मुलगी दाखवायचा फोटो असला की आई हळूच सांगायची, "जरा उजळ करा हं." मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गालं गोरी केलीयेत, शेकड्यांनी. धंदा होता. पण पोरी फोटो हातात घेऊन बघायच्या तेव्हा त्यांच्या तोंडावर काय असायचं ते मला आठवतं, तुमच्या त्या मुलीचं वाक्य वाचून परत आठवलं.

आणि हे काही आपल्याच डोक्यातून आलेलं नाही. कोडॅक लॅबवाल्यांना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायचं, शर्ली कार्ड, त्यावर गोरी बाई. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. तपकिरी रंगाच्या छटा नीट येत नाहीत ही ओरड जोरात केली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी, आपल्या मालाच्या जाहिराती चांगल्या दिसेनात म्हणून! माणसांसाठी नाही सुधारलं, कपाटांसाठी सुधारलं.

डॉ_खोकला
काका, शर्ली कार्ड आमच्याकडे पण आहे, फक्त त्याला टेक्स्टबुक म्हणतात. मी लेस्टरला जीपी आहे, एमबीबीएस विदर्भात. पुस्तकात पुरळ म्हणजे लाल, सायनोसिस म्हणजे निळे ओठ, आणि वॉर्डात समोर जो माणूस पडलाय त्याच्या अंगावर लाल दिसतच नाही. सिनियरने शिकवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघ, तळहात बघ, हात लावून गरम लागतंय का बघ. हे पुस्तकात नव्हतं, आणि आमचा अख्खा वॉर्ड सावळा!

लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुक्वेंडे नावाच्या विद्यार्थ्याला हेच खटकलं. २०२० मध्ये, दुसऱ्याच वर्षाला असताना, दोन शिक्षकांना बरोबर घेऊन त्याने 'माइंड द गॅप' काढलं, काळ्या-तपकिरी कातडीवर लक्षणं कशी दिसतात त्याचं फोटोंचं पुस्तक, फुकट. त्याच वर्षी डिसेंबरात मिशिगन विद्यापीठवाल्यांनी दाखवलं की बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर सगळं ठीक सांगतोय आणि रक्तात ऑक्सिजन खरा कमी आहे, असं गोऱ्यांमध्ये १०० पैकी साडेतीन-चार वेळा होतं आणि ब्लॅक पेशंटमध्ये जवळपास १२ वेळा. म्हणजे तुमचा कॅमेरा काय न् आमचा ऑक्सिमीटर काय, दोघांची सवय तीच.

मुलांना टुलेन मेडिकल स्कूलचा फोटो दाखवा, त्यांनी पाहिलाच असेल म्हणा. डिसेंबर २०१९, लुइझियानातली व्हिटनी प्लँटेशन, गुलामांच्या खोपटासमोर पांढऱ्या कोटातले १५ ब्लॅक विद्यार्थी. कोणी हसत नाही, सरळ तुमच्याकडे बघतायत. पोस्टर नाही, घोषणा नाही.

स्पष्टवक्ता७२
सगळं ठीक आहे, पण मेडिकलच्या पोरांनी अभ्यास करावा. फोटो काढून वर्णभेद जातो का? आणि क्लीव्हलँडकर, आपण तिथे उपरे, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? आपल्याकडे काय कमी आहे बोलायला?

नेफ्रो_ताई
दादा, अभ्यास करूनच बोलली ती पोरं. किडनी किती काम करते ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढायचं सूत्र असतं, २००९ च्या सूत्रात पेशंट ब्लॅक असला की उत्तराला १.१५९ ने गुणायचे. म्हणजे तेच रक्त, तोच आकडा, पण कागदावर किडनी १६ टक्के बरी. तिकडे ट्रान्सप्लांटच्या यादीत वेळ मोजायला किडनीच्या कामाचा हा आकडा २० किंवा त्याच्या खाली यावा लागतो, मग हा माणूस थांबायचा, गोरा पुढे जायचा. वर्गात हात वर करून "हे का गुणायचं?" विचारणाऱ्यांत मेडिकलचे विद्यार्थी पुढे होते, त्यांनी सह्या गोळा केल्या, मीटिंगा घेतल्या, काही हॉस्पिटलांनी आधी बदललं आणि २०२१ मध्ये देशपातळीवर रेस काढून टाकलेलं नवं सूत्र आलं. फोटोने झालं नाही हे खरं, पण गप्प बसून पण नाही झालं.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर मी हॉस्टेलला गेले त्या पहिल्या संध्याकाळी रूममेटने नाव विचारायच्या आधी विचारलं, "रँक किती?" हा प्रश्न कशासाठी असतो ते तुम्हालाही माहितीये. मी तेव्हा काहीच बोलले नव्हते.

स्पष्टवक्ता७२
किडनीचं माहीत नव्हतं. बाकी माझं मत तेच.

डॉ_खोकला
एक राहिलं, त्या मुलांना विचारा फोटो लावणार कुठे. येल विद्यापीठातल्या २०१९ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना भिंतीवरच्या तसबिरींबद्दल विचारलं होतं. मेडिकल स्कूलमध्ये तेव्हा ५५ पोर्ट्रेट, ५२ पुरुष, ३ बायका, सगळे गोरे. बॉस्टनच्या ब्रिगम हॉस्पिटलने तर २०१८ मध्ये सभागृहातली ३१ जुन्या विभागप्रमुखांची पोर्ट्रेट उतरवून दुसरीकडे लावली. आणि ज्यांना रेसिडेन्सीची (पुढच्या ट्रेनिंगच्या जागेची) काळजी असेल त्यांच्यावर चेहऱ्याची सक्ती करू नका.

क्लीव्हलँडकर
मंडळी, रविवार झाला. काकांचा पुठ्ठा कामी आला, कोटात घड्या दिसतात आणि चेहऱ्यात माणूस. पहिली वीस मिनिटं सगळे पासपोर्टला उभे राहिल्यासारखे, मग मी कॅमेरा खाली ठेवला, लेकीने चिवडा फिरवला, तिथून पुढे जमलं. दोघांनी चेहरा नको म्हटलं, त्यांचे हात काढले, एकाच्या मनगटावर आजीचं घड्याळ. ती "ही मी नाहीये" वाली मुलगी स्क्रीनवर बघून काही बोलली नाही, फोन काढून स्क्रीनचाच फोटो काढला आणि आईला पाठवला.

डीनच्या ऑफिसबाहेर लावायची परवानगी मागितलीये, उत्तर आलेलं नाही. पण प्रिंट तर काढून ठेवतो. १६ बाय २० इंच काढतोय, मॅट (बिनचकाकीचा) कागद घेऊ का? क्लासी दिसतं म्हणतात.

निगेटिव्हवाला
मॅट नको, गडद भागाची खोली जाते, परत राखाडी होऊन बसेल. ल्युस्टर (हलक्या चकाकीचा) घ्या. आणि काच लावणार असाल तर न चमकणारी, नाहीतर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब बरोबर चेहऱ्यावरच येतं.