बारा बोर की वीस बोर?

दादा, अमेरिकेत साउथ डकोटात फेजंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीला बारा बोरची बंदूक घ्यावी की वीस, असं तुमचा भाचा विचारतोय. मी वीसच म्हणेन. खानापूरला आमच्याकडे शेतराखणीच्या परवान्यावर आजोबांची बारा बोरची दुनळी होती. भाताच्या बांधावरून तासभर नेली तरी पट्टा खांद्यात रुतायचा. त्याला तर दिवसभर गवत तुडवायचंय.

बोरचा आकडा उलटा चालतो. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं की ती बारा बोर. म्हणून तिची नळी 18.5 मिमी आणि विसाची 15.6. विसाच्या काडतुसात 28 ग्रॅमपर्यंत छर्रे सहज मिळतात. कुत्र्याने जवळून उठवलेल्या पक्ष्याला तेवढे पुरे. लांबून उठणाऱ्यांसाठी मात्र बाराच बरी.

एक गोष्ट त्याला कळकळीने सांगा: दोन्ही बोरची काडतुसं एका खिशात ठेवू नकोस. विसाचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. नळी रिकामी समजून माणूस मागून बाराचं भरतो, घोडा ओढतो आणि नळी हातात फुटते. विसाची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंदच आहे. सुट्टीत आला की पहाटे माळावर तित्तर ऐकायला न्या त्याला.