अवकाशातून आणलेल्या बियाण्यांपासून पैदास: आक्षेप नेमका कशाला घ्यायचा?

अंकुर:

बियाणे अवकाशात पाठवायचे, तेथील किरणोत्सर्गामुळे त्याच्या जनुकांत काही बदल होऊ द्यायचे आणि परत आणून पेरल्यावर पुढच्या पिढ्यांतून उपयोगी रोपे निवडायची, हे काम चीन १९८७ पासून करत आला आहे. २००६ साली शिजियान-८ हा उपग्रह तर मुख्यतः बियाण्यांसाठीच सोडण्यात आला. याच मार्गाने आलेला लुयुआन-५०२ हा गहू तेथे मोठ्या क्षेत्रावर पेरला जातो. २०२० मध्ये छांग-अ-५ या चांद्रयानातून भाताचे बी चंद्रापर्यंत जाऊन आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांनी २०२२ मध्ये ज्वारी व अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत अभ्यासासाठी वापरली जाणारी छोटी वनस्पती) यांचे बी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर धाडले.

यावर ‘निसर्गात ढवळाढवळ’ असा जो आक्षेप ऐकू येतो, तो मला पटत नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्टॅडलर यांनी सातू आणि मका यांवर क्षकिरणांचा परिणाम १९२८ च्या सुमारास दाखवून दिला, आणि त्यानंतर क्षकिरण, गॅमा किरण व रसायने यांच्या साहाय्याने घडवलेल्या वाणांची अधिकृत नोंद आज तीन हजारांच्या पुढे गेली आहे. किरण लागलेले बी खाणाऱ्यासाठी किरणोत्सर्गी होत नाही. बदल यादृच्छिक असतात हे खरे, परंतु निसर्गात आपोआप होणारे जनुकांतील बदल, म्हणजे उत्परिवर्तनेही, यादृच्छिकच असतात, आणि त्यांतून निवड करूनच माणसाने शेती उभी केली. बी कोठून फिरून आले, याला माझ्या मते नैतिक वजन नाही. वजन आहे ते निवडीला आणि चाचणीला.

सावध:

आपल्या युक्तिवादातील कच्चा दुवा ‘पूर्वापार चालत आले आहे’ हा आहे. एखादी गोष्ट शंभर वर्षे विनातपासणी चालली, एवढ्याने ती तपासली गेली असे होत नाही. पैदासकार उंची, पक्व होण्याचा काळ, रोगप्रतिकार आणि उत्पादन पाहतो. जे मोजलेच नाही ते निवडीच्या चाळणीतून सहज खाली उतरते. अमेरिकेत १९६७ साली आलेले ‘लेनापे’ हे बटाट्याचे वाण वेफरसाठी उत्कृष्ट ठरले होते, पण त्यातील विषारी ग्लायकोअल्कलॉइडांचे प्रमाण जास्त असल्याचे उशिरा ध्यानात आले आणि १९७० मध्ये ते मागे घ्यावे लागले.

कायद्यातील विसंगती तर याहून बोचणारी आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ च्या निकालात उत्परिवर्तनाने घडवलेले जीव हे जनुकीय बदल केलेलेच जीव होत असे म्हटले, आणि त्याच निकालात दीर्घकाळ वापरात असलेल्या जुन्या पद्धतींना नियमांतून मिळालेली सूट कायम ठेवली. म्हणजे ठरवून एका जागी केलेल्या बदलासाठी कागदपत्रांचा डोंगर, आणि कोठे काय झाले हे ठाऊक नसलेल्या अनेक बदलांना मोकळी वाट. अवकाशातील बी या मोकळ्या वाटेने आत येते, एवढाच माझा आक्षेप आहे. त्यात निसर्गपूजेचा भाग नाही.

अंकुर:

लेनापेचे उदाहरण आपल्यापेक्षा माझ्या बाजूने अधिक बोलते. ते वाण साध्या संकरातून आले होते. त्यात किरणही नव्हते आणि अवकाशही नव्हते. याचा अर्थ धोका पद्धतीत नसून पदार्थाच्या गुणधर्मात असतो. बटाट्याचे कोणतेही नवे वाण असो, ग्लायकोअल्कलॉइड मोजा. मोहरीवर्गातील असेल तर त्यातील ग्लुकोसिनोलेट ही तिखट-कडवट द्रव्ये मोजा. कॅनडात नियमन याच तत्त्वावर चालते: वनस्पतीत नवा गुणधर्म आला आहे का, एवढे पाहतात, मग तो संकराने आलेला असो, किरणांनी किंवा जनुक घालून. विसंगती मिटवायची असेल तर ती अशी मिटवावी. अवकाशाला वेगळी चौकी कशाला?

मोजमाप:

वरील दोघांनीही अवकाश खरोखर काही करते, हे गृहीतच धरले आहे. जरा आकडे पाहू. पृथ्वीजवळच्या कक्षेत बियाण्याला दिवसाला किरणांची साधारण अर्ध्या मिलिग्रेपर्यंत मात्रा मिळते (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे माप, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग), म्हणजे पंधरवड्यात सात-आठ मिलिग्रे. प्रयोगशाळेत भाताच्या बियाण्याला गॅमा किरणांची जी मात्रा देतात ती दोनशे ग्रेच्या घरात असते. फरक वीस हजार पटींहून अधिक आहे. नासाने १९८४ साली टोमॅटोच्या सुमारे सव्वा कोटी बिया एका उपग्रहात ठेवल्या होत्या. चॅलेंजरच्या अपघातानंतर मोहिमा लांबल्यामुळे त्या जवळपास सहा वर्षे वर राहिल्या, १९९० मध्ये परत आल्या आणि शाळाशाळांतून पेरल्या गेल्या. वेगळेपण म्हणावे असे त्यांत फारसे काही निघाले नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने येथील नैतिक प्रश्न सत्यकथनाचा आहे. बी वर जाऊन आल्यानंतर वाण हाती येईपर्यंत कित्येक पिढ्यांची निवड होते, अनेकदा दुसऱ्या वाणांशी संकरही होतो. शेवटी उभ्या राहिलेल्या गुणाचे श्रेय त्या प्रवासाला द्यायचे असेल, तर त्याच लॉटमधले, जमिनीवर ठेवलेले बी तितक्याच संख्येने पेरून, तितक्याच कसोशीने निवडून तुलना दाखवली पाहिजे. दहा हजार रोपे डोळ्यांत तेल घालून पाहिली तर न गेलेल्या बियाण्यातूनही काहीतरी वेगळे हाती लागेलच. ही तुलना न दाखवता ‘अवकाश भाजी’ म्हणून भाव वाढवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, मग ती भाजी कितीही निर्धोक असो.

नभांगण:

मात्रेचा हिशेब एवढा सरळ नाही. गॅमा किरण बियाण्यात ऊर्जा सर्वत्र पसरून टाकतात. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतील लोहासारख्या जड अणूंची केंद्रके संख्येने थोडी असतात, पण जिथून जातात तिथे डीएनएचे धागे जवळजवळच्या अनेक ठिकाणी तोडतात, आणि अशी दाटीवाटीची मोडतोड पेशीला नीट सांधता येत नाही. सरासरी मात्रा क्षुल्लक दिसली तरी ज्या बीजाला असा कण लागतो त्याच्यापुरती ती क्षुल्लक नसते. शिवाय छांग-अ-५ हे असे बरेच किरण अडवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर गेले होते. पृथ्वीजवळच्या कक्षेचे आकडे त्या भाताला लागू पडत नाहीत.

मोजमाप:

चांद्रयानाबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. परंतु जड आयन, म्हणजे अशी जड केंद्रकेच, हवे असतील तर ते जमिनीवर, त्वरकातून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून), हव्या त्या मात्रेत आणि पुन्हा पुन्हा देता येतात. जपानमधील रिकेन संस्था असे करून फुलझाडांची नवी वाणे काढत आली आहे. आपला मुद्दा स्वीकारला तर यान पाठवण्याचे कारण उलट आणखी क्षीण होते.

वाटेकरी:

आरोग्य आणि परिणामकारकता यांवर इतके लिहिले गेले, पण बी कोणाचे, हे कोणीच विचारले नाही. वाणांच्या संरक्षणासाठीच्या ‘युपोव’ या आंतरराष्ट्रीय कराराची १९९१ ची आवृत्ती सांगते की, संरक्षित वाणातून नैसर्गिक किंवा घडवून आणलेले उत्परिवर्तित रोप निवडून काढलेले नवे वाण हे मूळ वाणापासून ‘तत्त्वतः व्युत्पन्न’ ठरू शकते, आणि मग मूळ वाणाच्या हक्कधारकाच्या संमतीशिवाय ते विकता येत नाही. कंपनीचे वाण अवकाशात नेले तर कंपनीचा हक्क शाबूत राहतो. तेच यान शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, कोणाच्याच नावावर नसलेले गावरान वाण घेऊन गेले, तर परत आलेल्या बियाण्यातून निघालेल्या वाणावर जपणाऱ्यांचा कसलाच हक्क उरत नाही. वनस्पती जनुकीय संसाधनांचा २००१ चा करार लाभाच्या वाटणीची तरतूद करतो, पण ही तरतूद ज्यांना लागू होती त्या मूळ परिशिष्टातील ६४ पिकांत टोमॅटो आणि सोयाबीन नव्हतेच. अवकाशाचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, असे १९६७ च्या अवकाश कराराचे पहिलेच कलम म्हणते. कक्षेपर्यंत पोहोचण्याची ऐपत मोजक्याच देशांकडे असताना तेथून आणलेल्या बियाण्यावर खासगी मक्ता चढत असेल, तर त्या कलमाला काही अर्थ उरतो का?

अंकुर:

गावरान वाणांबाबतचा अन्याय मला मान्य आहे, मात्र तो गॅमा किरणांच्या खोलीतून आलेल्या वाणालाही तितकाच लागू होतो. अवकाश कराराचा आधार मला ताणलेला वाटतो. तो अवकाशाच्या वापराबद्दल बोलतो. जमिनीवर दहा वर्षे निवड करून काढलेल्या वाणाच्या मालकीबद्दल त्यात एक शब्दही नाही.

वाटेकरी:

शब्द नाही हे ठीक. पण मग एकाच वेळी दोन दावे करू नयेत. वाणाचा गुण अवकाशामुळे आला असे सांगून बी महाग विकायचे असेल, तर सर्वांच्या हितासाठी असलेल्या जागेचा वापर झाला हेही मान्य करावे आणि निदान पैदासीसाठी ते बी इतर देशांच्या संशोधकांना खुले ठेवावे. गुण निवडीमुळे आला असे म्हणायचे असेल, तर पिशवीवरचे यानाचे चित्र काढून टाकावे.

सावध:

बी खुले ठेवताना त्यासोबत मोजलेल्या आणि न मोजलेल्या घटकांची यादीही द्यावी. न मोजलेल्यांची आधी.